पिल्लू दत्तक घेताय? आधी आजीला विचारा

निपाणी-चिकोडीकडून पौर्णिमेला नृसिंहवाडी गाठणारी मंडळी कमी नाहीत. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात. चार वेद म्हणून त्यांनाही आपण हात जोडतो. फाटकाशी आलेल्या गावठी कुत्र्याला मात्र 'हाड हाड' करतो आणि हौसेखातर हजारो रुपये मोजून लॅब्रॅडॉर आणतो!

गटारातून, अपघातातून वाचवलेली पिल्लं निवाऱ्यात घराची वाट पाहत असतात. आपल्या हवेला ती सरावलेली. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी, आणि वेळेवर नसबंदी, एवढं सांभाळावं. मांजर आणलंत तर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, नाहीतर ते पळ काढतं. आडवं जाण्याचं म्हणाल, तर घरातलं मांजर दिवसातून दहादा आडवं जातंच!

खरी गोष्ट पुढेच आहे. मुलांच्या हट्टाने आलेलं पिल्लू बदली झाली की रात्री हायवेवर सोडलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटके कुत्रे दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. पण कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. पाळलेलं जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपये. त्यात पावशेर कुंदाही येत नाही!

तेव्हा पिल्लू आणण्याआधी घरातल्या आजीला विचारा. दुपारी त्याच्याकडे बहुधा तीच बघणार.