तिसरी खुर्ची रिकामीच

नव्वदच्या दशकाअखेरीस हार्ड डिस्कची क्षमता एकाएकी एवढी कशी वाढली, असं एका वाचकाने विचारलंय. त्याचं उत्तर लोखंड आणि क्रोमियमच्या थरांत आहे.

१९८८ साली पॅरिसजवळच्या ओर्से इथे अल्बेर फेर यांच्या गटाने तीन नॅनोमीटर लोखंड, ०.९ नॅनोमीटर क्रोमियम अशा साठ जोड्या एकावर एक चढवल्या. द्रव हेलियमच्या थंडीत चुंबकीय क्षेत्र लावलं, तर विद्युतरोध जवळजवळ निम्म्यावर आला! त्याच सुमारास जर्मनीत युलिशला पेटर ग्रुनबर्ग यांना साध्या तापमानाला, तीनच थरांत हाच परिणाम दिसला. घट जेमतेम दीड टक्क्याची, पण गडी हुशार. त्यांनी पेटंटचा अर्ज केला.

दादरच्या पुलावर लोंढ्याच्या दिशेने चालणारा सहज जातो, उलटा येणारा धक्के खातो. लोखंडाच्या थरात इलेक्ट्रॉनचं तसंच होतं. त्याचा स्पिन, म्हणजे त्याचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व, थराच्या चुंबकत्वाशी जुळला तर वाट मोकळी. शेजारच्या थरांची चुंबकत्वं परस्परविरुद्ध असली, की प्रत्येक इलेक्ट्रॉनला कुठे ना कुठे धक्के बसतातच. बाहेरच्या क्षेत्राने सगळे थर एका दिशेला वळवले, की निदान निम्मे इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात.

हे थर अतिनिर्वात पोकळीत, अतिशय सावकाश वाढवलेले होते. कारखान्यात हे कोण करणार? आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत स्टुअर्ट पार्किन यांनी स्पटरिंग वापरलं: आरगॉनच्या आयनांचा मारा करून धातूचे अणू उडवायचे आणि काचेवर किंवा सिलिकॉनवर बसवायचे. स्वस्त, झटपट, थोडं ओबडधोबड. तरीही परिणाम दिसलाच. मग त्यांनी धातू आणि जाड्या बदलत शेकड्यांनी नमुने केले. १९९० साली कळलं, की मधला थर जाड करत गेलं तर शेजारच्या थरांची दिशा समांतर, विरुद्ध, पुन्हा समांतर अशी हेलकावे खाते. फेर यांचे ०.९ नॅनोमीटर नेमके 'विरुद्ध'च्या टप्प्यात बसले होते.

क्षेत्राने रोध एवढा बदलतो, तर डिस्कवरच्या लहानशा बिटचं क्षीण क्षेत्रही त्यावरून वाचता येतं, आणि बिट लहान तेवढी माहिती जास्त मावते. १९९७ च्या अखेरीस आयबीएमने या तत्त्वावरचं वाचनशीर्ष असलेली १६.८ गिगाबाइटची डिस्क बाजारात आणली.

२००७ चं भौतिकीचं नोबेल फेर आणि ग्रुनबर्ग यांना मिळालं. ते तिघांत वाटता येतं, तरी पार्किन बाहेरच राहिले. मूळ शोध त्या दोघांचाच, पार्किन यांनी तो कारखान्यापर्यंत नेला एवढंच, असा यावरचा नेहमीचा बचाव. पण एका नॅनोमीटरच्या फरकाने चुंबकत्वाची दिशा उलटते, हा शोध नव्हता तर काय होतं?