परवलीचा शब्द कोण मागते आहे?

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या गावांच्या शिवारात औद्योगिक गाळ्यांची जी दाट वस्ती उभी राहिली आहे, तिच्यातील बहुतेक गाळ्यांत यंत्रांच्या खडखडाटापासून काचेच्या पडदीने अलग केलेली एक चिंचोळी खोली असते, आणि त्या खोलीत दोन-तीन संगणक, एक प्रिंटर व एक हिशेबनीस एवढा संसार नांदत असतो. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत संपत आली असताना, मालकाच्या संगणकावरील टॅलीचे दप्तर हिशेबनिसाने आपल्या संगणकावरून उघडू जावे आणि पडद्यावर परवलीचा शब्द मागणारी चौकट येऊन उभी राहावी, हा प्रसंग या वस्तीत नित्याचा झाला आहे. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो, आणि तिकडून बहुधा एकच हुकूम सुटतो: "फायरवॉल बंद करून टाका." दप्तर कधी उघडते, कधी उघडत नाही, फायरवॉल मात्र बंद राहते ती कायमची.

वास्तविक, चौकट पाहून घाबरण्यापूर्वी ती कोण पुढे करीत आहे हे पाहिले पाहिजे. सातबारा तलाठ्याकडे मिळतो आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते, एकाचा कागद दुसऱ्यापुढे कितीही वेळा ठेवला तरी काम होत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. संगणकापुढे बसल्यावर मात्र जो शब्द आठवेल तो जी चौकट दिसेल तीत घालण्याचा आपला परिपाठ असतो. नवा प्रोग्रॅम बसविताना येणारी चौकट त्याच संगणकाच्या व्यवस्थापकाची संमती मागते. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ही पद्धत सुरू झाली. ज्याचे खाते व्यवस्थापकाचे आहे त्याला केवळ 'हो' किंवा 'नाही' एवढेच विचारले जाते, आणि ज्याचे खाते सामान्य आहे त्याला व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. हिशेबनिसाला तो ठाऊक नसणे हा दोष नव्हे, तीच त्या व्यवस्थेची मनीषा आहे.

दुसऱ्या संगणकावरील फोल्डर उघडताना येणारी चौकट निराळी. तिला हवे असते ते त्या दुसऱ्या संगणकावरील खात्याचे नाव आणि त्याच खात्याचा मूळ परवलीचा शब्द. येथे हटकून फसगत होते ती पिनमुळे. रोज सकाळी चार आकडे दाबून संगणक उघडणाऱ्या मालकाला तोच आपला परवलीचा शब्द वाटू लागतो. परंतु पिन ज्या यंत्रावर नेमला त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. आणि ज्या स्थानिक खात्याला परवलीचा शब्दच ठेवलेला नाही, त्याला विंडोज मुळातच नेटवर्कवरून आत घेत नाही. शिवाय पूर्वी जतन करून ठेवलेला, पण मागाहून बदललेला शब्द संगणक निमूटपणे पुढे करीत राहतो; तो 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन काढून टाकावा लागतो. मराठीत पत्रे लिहिणाऱ्या कचेऱ्यांत आणखी एक कारण आढळते, ते म्हणजे कळफलक इन्स्क्रिप्टवर राहून जाणे. ठिपक्यांआड देवनागरी अक्षरे उमटत असतात, आणि चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर दाबले की हा उलगडा तत्काळ होतो.

शब्द बरोबर असूनही दप्तर सापडत नसेल, किंबहुना चौकटदेखील येत नसेल, तर मग फायरवॉलकडे वळावे. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवे, अपरिचित नेटवर्क ठरते, त्याला 'पब्लिक' हा वर्ग मिळतो, आणि फोल्डर व प्रिंटर यांची देवघेव अडविली जाते. सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत 'प्रायव्हेट' निवडले की काम भागते. सबंध फायरवॉल उतरविण्याचे प्रयोजन उरत नाही.

ती उतरविण्याची किंमत काय असते, हे २००३ च्या ऑगस्टात ब्लास्टर या कृमीने जगाला दाखविले, आणि पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर ते न्हावा-शेवा बंदराचे आहे. २०१७ च्या जूनमध्ये मर्स्क या जहाज कंपनीवर नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमचा घाला पडला, तेव्हा याच बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही ठप्प झाले. तो उपद्रव एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरत होता तो दोन वाटांनी: फोल्डर-देवघेवीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, आणि स्मृतीतून चोरलेल्या व्यवस्थापकांच्या परवलीच्या शब्दांनी. मॉनिटरच्या कडेला व्यवस्थापकाचा शब्द चिकटवून फायरवॉल बंद ठेवणारा गाळेवाला या दोन्ही वाटा आपण होऊन झाडून ठेवतो, असेच म्हणावे लागते.

कधी कधी फायरवॉलच सुरू होण्यास नकार देते आणि एक लांबलचक संकेतांक दाखविते. तो निरर्थक नसतो. शेवटी ४२२ असेल, तर दशमानात तो विंडोजचा १०५८ क्रमांकाचा दोष होय, आणि त्याचा अर्थ ही सेवा कोणीतरी निष्क्रिय करून ठेवली आहे. कोणी आणि कशासाठी, हे आधी विचारावे. शेवटी '४२सी' असेल तर तो १०६८, म्हणजे फायरवॉल ज्या सेवेवर विसंबून आहे तीच उठलेली नाही, आणि ही सेवा बहुधा 'बेस फिल्टरिंग इंजिन' असते. सेवांच्या यादीत तिचे नाव असून ती थांबलेली असेल, तर यंत्र पुन्हा चालू करून पाहण्यास हरकत नाही. परंतु यादीतून तिचे नावच नाहीसे झाले असेल, तर प्रकरण गंभीर समजावे, कारण ही नोंद पुसून टाकणारे घातक प्रोग्रॅम यापूर्वी येऊन गेलेले आहेत. अशा वेळी प्रथम नेटवर्कची केबल उपसावी आणि वाय-फाय बंद करावे, टॅलीच्या दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि दुरुस्तीवाल्याला बोलावून विंडोज नव्याने बसवून घ्यावे. त्या दिवशीचे विवरणपत्र दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून भरता येते.