गोठ्यातले जुने इंजिन चालू करताना



विहिरीवर विजेची मोटार आली आणि तुमचे ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पडले. आता पीक सुकू लागले, वीज नाही, म्हणून ते आठवते. पण एकदम हँडल मारू नका.

आधी टाकीतले जुने डिझेल काढून टाकी स्वच्छ करा. फिल्टर व ऑईल बदला. नोझल काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑईल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी चाक हाताने फिरवून पाहा. फिरले नाही तर पुन्हा ऑईल सोडून थांबा. ट्रॅक्टरने ओढून तुटलेल्या रिंगा मी पाहिल्या आहेत.

डिझेल पंपाची दांडी मागेपुढे सहज सरकली पाहिजे. ती चिकटलेली राहिली तर इंजिन सुरू होताच बेफाम पळते, आवरत नाही. हे काम जमत नसेल तर मिस्त्रीला बोलवा.

मग नोझल बसवा, नळीतली हवा काढा, थंडाव्याचे पाणी जोडा. इंजिन उघड्यावर आणा. बंद खोलीतला धूर जीव घेतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका बसला तरी हात वाचेल. मुलांना दूर ठेवा.

एका रात्रीचा धीर धरा. इंजिनही वाचेल, पीकही.