पोंवळ्यांच्या बेटावर एक दिवस : नाव कशी निवडावी

ज्या बेटांचें नांव आपल्या आजोबा-पणजोबांनीं काळ्या पाण्याच्या शिक्षेशीं जोडूनच ऐकिलें होतें, त्या अंदमानास आज मुलेंबाळें घेऊन सुटींत जाणारीं मराठी कुटुंबें पुष्कळ आढळतात. पहिला दिवस बहुधा सेल्युलर जेलचा असतो. १९११ पासून १९२१ पर्यंत विनायक दामोदर सावरकर जेथें बंदिवान होते, तो तुरुंग पाहिल्यावांचून मराठी माणूस पुढें जात नाहीं, आणि तें योग्यच आहे. दुसऱ्या दिवशीं मात्र प्रश्न उभा राहतो. उतरलों त्या हॉटेलाच्या दारांतच कोणी तरी चार रंगीत चित्रें पुढें करितो : हें बेट, तें बेट, पाण्याखालचीं पोंवळीं, निळे-पिवळे मासे, सर्व मिळून अमुक रुपये. चित्रें सर्वांचीं सारखींच सुंदर असतात. मग निवड करावयाची ती कशावरून ? येथें आम्ही तेवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहों.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. लोक प्रथम बेट निवडतात, मग दर पाहतात, आणि नाव जी मिळेल तींत बसतात. हा क्रम उलटा पाहिजे. प्रथम नाव व ती चालविणारीं माणसें, मग दिवस व वेळ, आणि सर्वांच्या मागून बेट.

असें म्हणण्यास कारण आहे. २६ जानेवारी २०१४ रोजीं पोर्ट ब्लेअरजवळ (या शहराचें नांव २०२४ मध्यें श्रीविजयपुरम् असें झालें), रॉस बेट व नॉर्थ बे यांच्या दरम्यान, सहलीच्या लोकांनीं भरलेली एक बोट बुडाली आणि २१ माणसें मरण पावलीं. त्यांत पुष्कळ जण तमिळनाडूंतील कांचीपुरमहून एकत्र आलेले होते. २५ उतारूंच्या त्या बोटींत जवळजवळ दुप्पट माणसें चढलीं होतीं. हा सारा भाग बंदराच्या तोंडाशींच आहे ; तेथून गांवांतल्या इमारती डोळ्यांस दिसतात.

माणसें जास्त झाल्यानें बोट नेमकी कशी बुडते, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. वजन वाढलें म्हणजे ती पाण्यांत अधिक खोल बसते व तिची कड लाटांच्या जवळ येते, हें उघडच आहे. पण त्याहून मोठा धोका दुसराच. बोट एका बाजूस कलली म्हणजे त्या बाजूचा अधिक भाग पाण्यांत जातो, पाणी त्याला वर ढकलतें आणि बोट पुनः सरळ होते. परंतु गुरुत्वमध्य खालीं असेल तोंवरच ही शक्ति पुरी पडते. माणसें बाकांवर बसलेलीं असतात तोंवर हा मध्य खालीं राहतो. तींच उभीं राहिलीं किंवा छपरावर चढलीं कीं तो वर सरकतो, आणि बोट सावरण्याऐवजीं अधिकच कलते. अशा वेळीं कोणी "कासव, कासव !" म्हणून ओरडलें आणि सारे एकाच कडेस धांवले, म्हणजे काय होईल तें सांगावयास नको. तळांत सांचलेलें पाणी हा तिसरा वैरी. बोट ज्या बाजूस कलते त्याच बाजूस तेंहि धांवतें. म्हणून चांगला खलाशी तळांतलें पाणी वेळच्या वेळीं उपसून काढतो. बोटींत पाऊल ठेवण्यापूर्वीं तळाकडे एकदां नजर टाकावी. त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

बोटीस किती उतारूंचा परवाना आहे हें विचारावें, आणि मग माणसें मोजावीं. हें मोजण्याचें काम दहा वर्षांच्या मुलासहि देतां येतें, व मुलें तें मोठ्या उत्साहानें करितात. तान्हें मूल हेंहि माणूसच धरावें. लाइफ जॅकेटें सर्वांना पुरतील इतकीं आहेत काय, आणि त्यांत मुलांच्या मापाचीं आहेत काय, तें धक्क्यावरच पाहावें. मोठ्या माणसाचें जॅकेट लहान मुलास घातलें तर पाण्यांत जॅकेट तरंगतें आणि मूल त्यांतून खालीं निसटतें. परीक्षा सोपी आहे : जॅकेटाचे पट्टे आंवळून तें दोन्ही खांद्यांपाशीं धरावें व वर ओढावें, तें मुलाच्या कानांपर्यंत आलें तर माप चुकलें. बाकाखालीं गांठी मारून ठेवलेलीं जॅकेटें असून नसल्यासारखींच होत.

आणखी एक प्रश्न विचारण्याचें पुष्कळांस सुचत नाहीं : परत निघतांना माणसें कोण मोजतो ? १९९८ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभिंतीवर पाण्यांत उतरलेल्या पतिपत्नींस मागें ठेवून बोट किनाऱ्यास परत आली. ही गोष्ट ध्यानांत येण्यास दोन दिवस लागले, आणि तीं दोघें पुढें कधींच सांपडलीं नाहींत. जो बोटवाला "अहो, आम्ही रोज नेतों, काळजी करूं नका" एवढेंच उत्तर देतो, त्याच्यापेक्षां जो वही काढून नांवें लिहून घेतो तो आम्हांस अधिक आवडतो, मग त्याचे शंभर रुपये जास्त असले तरी हरकत नाहीं.

आतां दिवस व वेळ. नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानांत साधारणतः मेच्या उत्तरार्धांत पोहोंचतात, म्हणजे आपल्या कोंकणाच्याहि आधीं. आपल्याकडे शाळांस सुटी असते त्याच दिवसांत तेथें समुद्र खवळूं लागतो, ही मोठी अडचणीची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरांत वादळांचे दिवस असतात. त्या मानानें नाताळापासून एप्रिलपर्यंतचा काळ शांत. पण नाताळच्या सुटींत गर्दी फार, आणि गर्दी म्हणजेच भरलेल्या बोटी. तेव्हां ज्यांस जमेल त्यांनीं गर्दी ओसरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारींत जावें. शाळा चार दिवस बुडाली तर काय करावें, हा प्रश्न आम्ही मुख्याध्यापकांवर सोंपवितों.

दिवसांतला वेळ सकाळचाच बरा. ऊन चढलें म्हणजे जमीन तापते, वारा वाढतो, आणि पाण्यावर लाटा उठून खालचें दिसेनासें होतें. भरती-ओहोटीचाहि विचार पाहिजे. पूर्ण ओहोटीस पोंवळीं पोहणाऱ्याच्या छातीस लागतील इतकीं वर येतात. त्यांत त्याचे गुडघे फुटतात आणि पोंवळींहि फुटतात. पाणी जोरानें चढत किंवा उतरत असतांना ओढ लागते. भरती पुरी होऊन पाणी कांहीं वेळ स्थिर राहतें, तो समय सर्वांत चांगला. घरच्या पंचांगाचा येथें उपयोग होतो. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी असतें. भांगास चढउतार थोडा व ओढहि कमी, म्हणून नवशिक्यांनीं तेच दिवस धरावे.

आतां बेटाकडे वळूं. श्रीविजयपुरम् येथें राहणाऱ्यांपुढें मुख्यतः दोन ठिकाणें असतात. पहिलें नॉर्थ बे. हें खरें पाहतां बेट नव्हेच. दक्षिण अंदमानच्या किनाऱ्याचाच तो एक भाग आहे. पण जावें लागतें होडीनें, म्हणून 'कोरल आयलंड' या नांवानें तो विकला जातो. जुन्या तांबूस वीस रुपयांच्या नोटेच्या पाठीवर जें माडांचें दृश्य होतें, तें याच बाजूचें. (२०१९ पासूनच्या नव्या नोटेवर आपलें वेरूळ आलें आहे.) शहरापासून अर्ध्या तासाच्या आंत तेथें पोहोंचतां येतें, खाण्यापिण्याची सोय होते, आणि हेल्मेट घालून पाण्याच्या तळाशीं चालविण्यासारखे नाना खेळहि तेथें आहेत. अर्थात् गर्दी आणि गलबला हेहि आहेत.

दुसरें जॉली बॉय. शहरापासून सुमारें ३० किलोमीटर मोटारीनें वांडूरला जावयाचें, आणि तेथून बोटीनें तासभर, दोन्ही बाजूंस घनदाट झाडीचीं बेटें पाहत. १९८३ मध्यें स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानांत हें बेट येतें. वनखात्याचा परवाना आधीं काढावा लागतो. जॉली बॉय व रेड स्किन हीं दोन बेटें हंगामाप्रमाणें आळीपाळीनें उघडतात, म्हणजे एकाकडे लोक जात असतांना दुसऱ्यास विसांवा मिळतो. प्लास्टिक नेण्याची बंदी आहे, बेटावर दुकान नाहीं, आणि मुक्काम करतां येत नाहीं. मोठी बोट थेट वाळूस लागत नाहीं. कांचेच्या बुडाच्या लहान होडींत बदलून उतरावें लागतें.

पिशव्या तपासतात, बाटल्या काढून घेतात, खावयास कांहीं मिळत नाहीं, अशी तक्रार करणारे प्रवासी आहेत. आम्हांस वाटतें, ही तक्रारच त्या बेटाची शिफारस होय. जेथें कांहींच विचारीत नाहींत तेथें पोंवळ्यांची स्थिति काय असेल, याचा तर्क सहज करतां येतो. तरीहि बरोबर वृद्ध माणसें असतील, किंवा हातीं अर्धाच दिवस असेल, तर नॉर्थ बेला जाण्यांत कमीपणा नाहीं. हॅव्हलॉकचा एलिफंट बीच हा वेगळ्या मुक्कामाचा विषय आहे, तो येथें घेत नाहीं. मात्र वांडूरच्या किनाऱ्यावर बोटीची वाट पाहतांना वाटेल तेथें पाण्यांत शिरूं नये. अंदमानांत खाऱ्या पाण्यांतल्या मगरी आहेत. २०१० मध्यें हॅव्हलॉकच्या किनाऱ्याजवळ पाण्यांत असलेली एक परदेशी स्त्री मगरीनें नेली.

पाण्याखालीं पाहण्याचें साधन साधें आहे : डोळे व नाक झांकणारा कांचेचा मुखवटा, आणि तोंडांत धरावयाची एक वाकडी नळी. डोळ्याला पाणी प्रत्यक्ष लागलें म्हणजे सारें धूसर दिसतें. मध्यें हवेचा थर ठेवला कीं स्पष्ट दिसतें. मात्र किरण वळल्यामुळें मासा सुमारें एकतृतीयांश मोठा भासतो, आणि असतो त्याहून जवळ वाटतो. परत आल्यावर सांगितलेल्या माशांच्या आकारांतून तेवढें वजा करावें. मुखवटा निवडतांना पट्टा न बांधतां तो चेहऱ्यावर टेकावा व नाकानें श्वास ओढावा. हात सोडल्यावरहि तो चिकटून राहिला तर माप बरोबर. भरघोस मिशांतून पाणी आंत येतें, याला इलाज नाहीं.

नळी वीतदीड वीतच कां असते, लांब नळी घेऊन खोल कां जातां येत नाहीं, असें मुलें विचारतात. दहा मीटर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाइतका भरतो, म्हणजे एका मीटरखालींच छातीवर वातावरणाच्या दशांशाइतका जादा भार पडतो. फुप्फुसांत मात्र नळीवाटे वरची साधी हवा असते, आणि त्या भाराविरुद्ध छाती फुगविणें स्नायूंस झेपत नाहीं. शिवाय नळी लांब असली कीं सोडलेलीच हवा पुनः आंत येते. यासाठीं पृष्ठभागावरच पालथें तरंगावें. बुडी मारण्यापूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेण्याची पोरांची युक्ति तर फारच घातक आहे. त्यानें रक्तांतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घेण्याची सूचना देहास वेळेवर मिळत नाहीं. मनुष्य पाण्यांतच बेशुद्ध होतो, तोहि आवाज न करतां. पोहतां न येणाऱ्यांनीं जॅकेट घालून मार्गदर्शकाच्या हातीं धरून जावें. त्यांना कांहीं कमी दिसत नाहीं.

जें पाहावयास जातों तें पोंवळें म्हणजे दगड नव्हे, वनस्पतीहि नव्हे. ते लहान लहान प्राणी असून त्यांनीं चुन्याचें घर बांधलेलें असतें. त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें, तें उन्हावर अन्न तयार करितें आणि घरमालकास त्यांतला मोठा वांटा देतें. पाणी नेहमींपेक्षां एकदोन अंश अधिक तापून तसेंच आठवड्यानुआठवडे राहिलें, कीं हा संसार मोडतो. शैवाल निघून जातें व पोंवळें पांढरें पडतें. १९९८, २०१० व २०१६ या वर्षीं अंदमानांत असें घडलें. पांढरें पोंवळें लगेच मेलेलें नसतें. पाणी लवकर निवलें तर तें सावरतें. पण अशक्त झालेल्या त्या जीवावर कोणी पाय देऊन उभा राहिला तर तें कसें सावरणार ? मोठ्या गोल पोंवळ्याची वाढ वर्षास सेंटिमीटरभर. जो तुकडा आपल्या टांचेखालीं मोडतो तो पुष्कळदां आपल्याहून वयानें वडील असतो. तुकडा उचलून आणणें हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हाच आहे. म्हणून बोट ठरवितांना हेंहि विचारावें, कीं नांगर वाळूंत टाकतां कीं पोंवळ्यांवर, का बांधण्यास बोया आहे ? या प्रश्नावर तांडेलाचा चेहरा कसा होतो, यावरून पुष्कळ कळतें.

अंदमान ज्यांस दूर आहे त्यांस मालवण जवळ आहे. सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर पोंवळीं आहेत, आणि १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे. पाणी अंदमानाइतकें नितळ नसतें. पण बोटवाला आपल्याच भाषेंत उत्तर देतो, ही सोय लहान नव्हे. प्रश्न मात्र तेथेंहि हेच. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जण बुडाले, आणि मे महिन्याचा तो शेवटचा आठवडा होता, हें येथें नमूद करितों.

एवढें पाहूनहि धक्क्यावर गेल्यावर वारा सुटलेला असेल, किंवा बोटींत मोजलेल्याहून पांच माणसें अधिक चढतील, तर उतरून परत यावें. आधीं पैसे भरले असल्यास हें जड जातें, म्हणून भरण्यापूर्वींच समुद्र खराब असल्यास काय परत मिळेल तें लिहून घ्यावें. मुलें थोडी रडतील. श्रीविजयपुरम् येथें नौदलाचें 'समुद्रिका' नांवाचें संग्रहालय आहे. तेथें शंख-शिंपले व पोंवळीं मांडून ठेवलेलीं आहेत, आणि तीं पाहण्यास अंग भिजवावें लागत नाहीं.