वांग्याच्या देठाखाली

वांगं हातात घ्या आणि देठाजवळची हिरवी टोपी नखानं अलगद उचला. कधी कधी त्या खाचेत फिकट पिवळं, रेघेसारखं काहीतरी सरकताना दिसतं. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. हा फुलकिडा, शास्त्रीय नाव थ्रिप्स पाल्मी. मंडईत आपलं तिकडं लक्ष जात नाही, कारण भाजी धुतली, चिरली, फोडणीला टाकली की त्याचा विषय संपतो. तेच वांगं मुंबईहून विमानानं युरोपात उतरतं तेव्हा मात्र तिथला तपासनीस भिंग घेऊन नेमकी हीच टोपी उचलून पाहतो. एक जिवंत फुलकिडा सापडला तर सगळी खेप अडते.

एवढ्याशा किड्याची एवढी धास्ती का? २५ अंश तापमानात याची एक पिढी सुमारे अडीच आठवड्यांत पुरी होते. मादी अंडी घालते ती पानाच्या किंवा फळाच्या पेशींच्या आत, त्यामुळे वरून ती दिसतच नाहीत. १९२५ साली सुमात्रामधल्या नमुन्यांवरून त्याची नोंद झाली. पुढची पन्नास वर्षं तो आग्नेय आशियाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. मग १९७८ मध्ये जपान, १९८२ मध्ये हवाई, १९८५ मध्ये कॅरिबियन बेटं आणि १९९० मध्ये फ्लोरिडा. रस शोषता शोषता तो विषाणूही पसरवतो; आपल्याकडं टोमॅटो आणि भुईमुगाचे शेंडे करपवणारा बड नेक्रोसिस रोग याच किड्यामुळं फैलावतो. इंग्लंडमध्ये २००० साली ससेक्समधल्या शेवंतीच्या एका काचगृहात तो सापडला, आणि त्याचा पूर्ण नायनाट झाल्याचं जाहीर व्हायला पुढचं वर्ष उजाडलं.

मे २०१४ मध्ये युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली, हे महाराष्ट्राला चांगलं आठवतं. हापूसच्या त्या गदारोळात वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानंही त्याच यादीत होती, हे पुष्कळांच्या लक्षातच राहिलं नाही. आदल्या वर्षभरात भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंबा २०१५ च्या सुरुवातीला सुटला. त्याच्यासाठी उपाय हाताशी होता: ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की सालीखालची फळमाशीची अंडी आणि अळ्या मरतात. भाज्या मात्र अडकून राहिल्या. अळूच्या पानामागं पांढऱ्या माशीची पिल्लं खवल्यासारखी चपटी चिकटलेली असतात आणि ते कोवळं पान असला उपचार सोसत नाही.

हा सगळा व्यापारी डाव आहे, असं तेव्हा बरंच बोललं गेलं. लंडनच्या थंडीत आपली फळमाशी कशी तगेल, असाही सवाल झाला. मला तो युक्तिवाद पटत नाही. लंडनला उतरलेला माल त्या काळी एकदा संघात शिरला की पुढं स्पेन-इटलीपर्यंत कुठंही जाऊ शकत होता, आणि तिथला उन्हाळा फळमाशीला मानवणारा आहे. शिवाय नव्या मुलखात किडीला खाणारे तिचे जुने शत्रू बरेचदा नसतात. ती एकटीच पोचते आणि मोकाट वाढते.

याचा अनुभव आपल्याला त्याच वर्षी आला. २०१४ च्या अखेरीस पुणे परिसरात टोमॅटोवर टुटा अ‍ॅब्सोल्युटा नावाची नागअळी भारतात प्रथमच आढळली. मूळची ती दक्षिण अमेरिकेची. २००६ मध्ये स्पेनमध्ये शिरली आणि भूमध्य समुद्राच्या भोवतालचे देश, आफ्रिका, पश्चिम आशिया ओलांडत आपल्या दारात आली. एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खाते, पान जळाल्यासारखं दिसतं. फळात शिरते तेही बऱ्याचदा देठाच्या टोपीखालूनच. रोखली नाही तर अख्खं पीक हातचं जातं. फुलकिड्यासाठी आपली वांगी अडवणारा देश ज्या भीतीनं अडवतो, ती भीती आपल्या टोमॅटो उत्पादकानं प्रत्यक्ष भोगली आहे.

या येण्या-जाण्याला आवर घालण्यासाठी १९५१ साली रोममध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताचा स्वतःचा कायदा तर १९१४ चा आहे, आणि आयातीचे आजचे नियम २००३ च्या आदेशानं ठरले. सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे, ज्याला निर्यातदार नुसतं ‘फायटो’ म्हणतात: फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. माल पाठवणाऱ्या देशाचा सरकारी अधिकारी त्यात लिहून देतो की खेप तपासली आहे आणि समोरच्या देशाला नको असलेली कीड तिच्यात नाही.

इथं गणिताची अडचण येते. शंभर वांग्यांत पाच किडकी असतील, तर मोठ्या खेपेत त्यांतलं एखादं ९५ टक्के खात्रीनं हाती लागायला साठेक वांगी तपासावी लागतात. शंभरात एकच किडकं असेल तर जवळपास तीनशे. पेशीत लपलेली अंडी तर यातूनही सुटणारच. म्हणून विमानतळावरचं भिंग हा शेवटचा टप्पा. खरं काम शेतात होतं. फळमाशीचे कामगंध सापळे, किडकी फळं वेचून गाडणं, आणि तोडणीनंतर पॅकहाऊसमध्ये एकेक नग हातात घेऊन निवडणं. युरोपला जाणारी भाजी मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच गेली पाहिजे, ही सक्ती आपल्याकडं आधीच यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम फक्त व्यापाऱ्यांना नाहीत. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात प्रवाशाच्या बॅगेतल्या ताज्या भाजी-फळांनाही प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचच फळांना. ब्रिटनची यादी आता वेगळी आहे. अमेरिका तर भारतातून आलेला ताजा कढीपत्ता मुळीच आत घेत नाही. त्यावर जगणारा सिट्रस सिला हा किडा संत्र्याच्या झाडाला ग्रीनिंग रोग देतो, ज्यावर इलाज नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथं संत्र्याच्या २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या; २०२२-२३ मध्ये, वादळाचाही फटका बसून, दीड कोटीच्या आसपास उरल्या. तेव्हा लेकीकडं निघताना कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा. चुकून बॅगेत राहिलीच, तर तिथं उतरल्यावर आपणहून सांगा: सांगितलं तर फक्त जुडी काढून घेतात, लपवलं तर दंड होतो.