कंबरदुखी आणि ‘सरकलेला मणका’

आमच्या इंदूरच्या घरी कंबर धरून बसलेले एखादे माणूस नेहमीच असे. कोणी म्हणे उसण भरली, कोणी म्हणे वात धरला. आमच्या आत्यांना मात्र ‘मणका सरकला आहे’ असे कोणीतरी सांगितले आणि त्या धास्तीने त्यांनी अंथरूणच धरले. हिंडणे-फिरणे सुटले, पायांतले बळ गेले. दुखणे तेवढे राहिले. या कंबरेत नेमके दुखते तरी काय, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासूनचा.

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिचे कडे चिवट तंतूंचे आणि गाभा मऊ, पाणीदार. प्रौढ वयात या गाभ्याला रक्तवाहिनी नसते. लगतच्या मणक्यांतून जे पोषण झिरपेल तेवढ्यावरच त्याचा निर्वाह. म्हणून वयाबरोबर चकती सुकते, चपटी होते आणि चिरली तर फार सावकाश भरून येते. गाभा बाहेर येऊन मज्जातंतूच्या मुळाशी भिडला, की कळ पायात उतरते. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली हे जगापुढे मांडले. मणक्यांच्या मागील सांध्यांची झीज आणि पाठीच्या स्नायूंचा अशक्तपणा यांचाही वाटा असतो.

परंतु झीज म्हणजेच दुखणे नव्हे. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या कंबरेची एम.आर.आय. तपासणी अमेरिकेत झाली; १९९४ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी चकती फुगलेली होती! केस पिकावेत, तशीच ही झीज पुष्कळदा वयाची खूण असते.

मग काहींचे दुखणे तीन महिने उलटले तरी का हटत नाही? क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की इजेनंतर खुद्द मज्जारज्जूच हळवा होतो. अशा वेळी साधा स्पर्शही वेदना होऊन मेंदूकडे जाऊ शकतो. जखम भरली तरी हा हळवेपणा कधी मागे उरतो. भीती, चिंता आणि जागरण यांनी तो वाढतो; पडून राहण्याने स्नायू आणखी रोडावतात.

तथापि लघवी अडणे, जांघेत बधिरता येणे किंवा पायांतील शक्ती जाणे, यांपैकी काही घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे आणि रात्री न थांबणारी वेदना यांमागे मणक्याचा क्षय किंवा अन्य गंभीर रोग असू शकतो. तेव्हाही डॉक्टरांना लवकर दाखवावे.

पुढे एका डॉक्टरांनी आत्यांना धीर देऊन अंगणात चालावयास लावले. पहिल्या दिवशी तुळशीवृंदावनापर्यंत, मग फाटकापर्यंत. दुखणे पुरते गेले नाही. पण दिवाळीला त्या चकल्या पाडावयास स्वयंपाकघरात होत्या. आम्हांला वाटते, मणक्यापेक्षा त्यांना त्या एका शब्दानेच अधिक जखडून ठेवले होते.