पोलादी इमारतींचे अग्निरोधक कवच

पोलाद जळत नाही, म्हणून पोलादी सांगाडा आगीत सुरक्षित राहतो, हा समज फसवा आहे. सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि तुळया वाकू लागतात.

हे तापणे लांबवण्यासाठी खांबांवर व तुळयांवर जाड, खरबरीत लेप फवारला जातो. त्यात सिमेंट किंवा जिप्सम बंधक म्हणून असते आणि खनिज तंतू किंवा व्हर्मिक्युलाइट, म्हणजे तापवल्यावर फुगणारे अभ्रकासारखे खनिज, मिसळलेले असते. लेपातील हवेच्या पोकळ्या उष्णता अडवतात, तर जिप्सममधील बद्ध पाणी वाफ होताना बरीच उष्णता शोषून घेते.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे बांधकाम चालू असतानाच, १९७० मध्ये, ॲस्बेस्टॉसयुक्त फवारणी थांबवून दुसरा लेप वापरण्यात आला, कारण ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांना घातक ठरतात. मजले पेलणाऱ्या ट्रसवर, म्हणजे जाळीदार तुळयांवर, मूळ योजनेत अर्ध्या इंचाचाच लेप होता. पुढे काही मजल्यांवर तो वाढवला गेला.

११ सप्टेंबर २००१ रोजी विमानांच्या आघाताने हा लेप झडून पोलाद उघडे पडले, आणि मनोरे कोसळण्यामागील हे एक मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये काढला.

लेपाच्या जाडीइतकेच त्याचे चिकटून राहणे महत्त्वाचे असते. तरी नळ किंवा तारा बसवताना तो सर्रास खरवडला जातो (आणि पुन्हा भरला जाईलच असे नाही).